आधी मोजा, मग पाना लावा

तुमकूर रस्त्याने बेंगळुरूत शिरलेली गाडी गोरगुंटेपाळ्याला रिंग रोडवर वळली की पुढे हेब्बाळचा पूल येतो. इथे रिंग रोडला बळ्ळारी रस्ता, म्हणजे हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४, येऊन मिळतो. २००८ साली देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाला आणि तेव्हापासून हा चौक मोकळा मिळेल याचा भरवसा उरला नाही. आता दाबसपेठ, दोड्डबळ्ळापूर, देवनहळ्ळी, होस्कोटे असा बाहेरून वळसा झाल्यामुळे चेन्नईकडची पुष्कळ वाहतूक तिकडून जाते. तरी शहराच्या उत्तरेला नाही तर पूर्वेला माल उतरवायचा असेल, तर आपल्याकडच्या गाडीला हेब्बाळ चुकत नाही.

जुन्या ट्रकची खरी तपासणी इथे होते, म्हणून या अंकाचे संपादकीय हेब्बाळवर. पुण्याहून इथवर साधारण साडेआठशे किलोमीटर. सातारा, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, हुबळी, दावणगिरी या सगळ्या वाटेत गाडी वरच्या गिअरमध्ये पळते, समोरून वारा मिळतो, कंप्रेसर सतत टाकी भरत राहतो, बॅटरी चार्ज होत राहते. दुखणे असले तरी ते झाकून जाते. मग भरल्या गाडीने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर, दर चार हातांवर ब्रेक मारत सरकायची वेळ येते आणि ज्याचे जे कच्चे असेल ते उघडे पडते.

गेल्या पावसाळ्यानंतर पुलाच्या अलीकडे बाजूला घेतलेला एक टाटा १६१३ पाहिला. बेदाणा भरलेला, ड्रायव्हर तासगावकडचा. तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकलेला. वाटेतल्या एका गॅरेजमध्ये त्याला हेड गॅस्केट गेल्याचे सांगून हाफ इंजिनचा अंदाज दिला होता, आणि मालक फोनवर पैशांची जुळवाजुळव करत होते. हेब्बाळच्या मिस्त्रींनी बॉनेटला हात लावण्याआधी एकच विचारले, "पळताना काटा उतरतो का?" ड्रायव्हर म्हणाला, "रोडवर काहीच नाही दादा. उभी राहिली की चढतो."

निम्मे निदान या उत्तरात झाले. उभ्या गाडीत तापते आणि पळताना निवते, म्हणजे रेडिएटरमधून वारा जात नाही. वारा दोनच गोष्टी देतात, गाडीचा वेग आणि पंखा. वेग नसताना पंखा अपुरा पडतोय. पाहिले तर पट्टा ढिला, त्याची आतली बाजू घासून काचेसारखी चकचकीत झालेली, आणि पंख्याभोवतीचा पत्र्याचा घेर जागेवरच नव्हता. मागे कधी तरी रेडिएटर उतरवला तेव्हा तो काढला आणि परत बसवलाच नाही. घेर नसला की पंखा तीच गरम हवा गोल फिरवत बसतो. रेडिएटरच्या जाळीत भुसा आणि धूळ होती ती वेगळीच. पट्टा नवा घातला, पत्रा कापून घेर केला, जाळी मागच्या बाजूने हवेने झाडली. हेड खोलावे लागले नाही.

उलट लक्षण असते तर रस्ता वेगळा होता. उभी असताना ठीक आणि भरून चढाला लागली की तापते, अशा गाडीत रेडिएटरच्या नळ्या आतून क्षारांनी भरल्या आहेत का, वॉटर पंपाचे पाते झिजले आहे का, टायमिंग मागे गेले आहे का, एखाद्या चाकाचा ब्रेक धरून राहतो का, हे पाहायचे. वाटेतल्या बोअरचे पाणी वर्षानुवर्षे ओतलेल्या रेडिएटरकडून वेगळी अपेक्षा करता येत नाही. आणि गॅस्केटचा संशय आलाच तर गाडी पूर्ण गार असताना टोपण काढून इंजिन चालू करा आणि पाण्यात सतत बुडबुडे येतात का ते बघा. टोपण लावून सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होत असेल तर संशय पक्का. गरम गाडीचे टोपण उघडू नका. भाजलेले हात आपल्या धंद्यात पुष्कळ आहेत.

तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायची रीत तर बंदच झाली पाहिजे. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन धड गरम होत नाही, डिझेल नीट जळत नाही, लायनर आणि रिंग लवकर झिजतात. शिवाय ज्या इंजिनात थर्मोस्टॅट बायपासची वाटही बंद करतो, तिथे तो काढला की गरम पाणी रेडिएटरला न जाताच फिरत राहते आणि गाडी आणखी तापते.

त्या पहिल्या गॅरेजला फसवायचेच होते असे मी म्हणणार नाही. आपल्या धंद्याची रचनाच अशी आहे की मालक पार्टचे पैसे देतो, खोलण्या-बसवण्याची मजुरी देतो, पण तासभर डोके लावून दोष शोधला तर त्याचे काही देत नाही. "नुसते बघितलेत ना, त्याचे कसले पैसे?" हे वाक्य प्रत्येक मिस्त्रीने ऐकले आहे. ज्याचे पैसे मिळत नाहीत ते काम माणूस करत नाही, आणि मग अंदाजाने पार्ट बदलण्याची सवय लागते. तपासणीची मजुरी वेगळी लावा, बिलावर वेगळी लिहा, आणि मालकांनीही ती खळखळ न करता द्यावी. हाफ इंजिनच्या खर्चापुढे ती किरकोळ आहे.

बेंगळुरूचा आणि जुन्या ट्रकचा संबंध हेब्बाळपुरता नाही. १९५१ साली या शहरात मोटर इंडस्ट्रीज कंपनी स्थापन झाली. तिचे लघुरूप मायको. २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश झाले, तरी आपल्या तोंडी पंप मायकोचाच राहिला, आणि नाशिकमध्ये चौकालाही मायको सर्कल म्हणतात. टाटा असो वा लेलँड, ओळीत बसवलेल्या प्लंजरचा तो पंप कॅलिब्रेट करणारी माणसे सांगलीपासून हुबळीपर्यंत गावोगाव होती. आज त्यांतले बरेच वयस्कर झाले आहेत आणि पोरे त्या कामात येत नाहीत. त्यामुळे पंप काढून बेंचवर नेण्याआधी तो खरोखर काढायला हवा का, हे गाडीवरच ठरवता आले पाहिजे.

पंपाचा सर्वांत जास्त बळी जातो तो डिझेलमध्ये हवा येण्याच्या तक्रारीत. गाडी रात्री नीट बंद होते, सकाळी हँड पंप मारल्याशिवाय सुरू होत नाही, आणि दोष पंपावर येतो. फीड पंपाच्या पुढच्या नळीत दाब असतो, तिथे गळती असेल तर डिझेल बाहेर दिसते. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी मात्र ओढीवर चालते. तिथे भेग असली तर चालू गाडीत डिझेल बाहेर पडत नाही, उलट हवा आत शिरते. बाहेरून सगळे कोरडे ठणठणीत दिसते, म्हणून कोणी तिकडे बघत नाही. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडा. बुडबुडे दिसले तर दोष मागे आहे. बहुतेक वेळा तो टाकीतल्या उभ्या नळीत, भेगाळलेल्या रबरी होजमध्ये, नाही तर पुन्हा पुन्हा वापरलेल्या तांब्याच्या वॉशरमध्ये सापडतो.

एखादा सिलिंडर मारत नसेल तर जुन्या पंपाच्या इंजिनात चालू गाडीवर एकेका नोझलच्या पाइपचा नट जरा सैल करून आवाज ऐकायची पद्धत आपण सगळे वापरतो. ज्याचा नट सैल केल्यावर आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला. पद्धत चांगली आहे, फक्त हात फवाऱ्यासमोर नको. दाबाचे डिझेल कातडीतून आत घुसते. आणि हीच गोष्ट कॉमन रेलच्या गाडीवर कधीही करायची नाही. तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो. हाताखालच्या पोरांना हा फरक पहिल्याच दिवशी सांगा.

विजेच्या कामाबद्दल थोडक्यात. गाडी २४ व्होल्टची, म्हणजे १२ च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक. टेप आणि चार्जरसाठी ड्रायव्हर त्यांतल्या एकाच बॅटरीवरून वायर काढतात. एक कायम उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उकळते, आणि वर्षभरात दोन्ही जातात. सेल्फ जड फिरत असेल तर बॅटरी बदलण्याआधी मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूला आणि दुसरे इंजिनच्या धडाला लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले तर दोष अर्थिंगच्या पट्टीत आहे.

आता ब्रेक. यावर जास्त लिहितो, कारण इथल्या चुकीने माणसे मरतात.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकने उतारावर अनेक वाहनांना धडक दिली. आधी बातमी ब्रेक फेलची आली. नंतर पोलिसांनी सांगितले की ड्रायव्हरने डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलला सोडली होती. तो उतारही याच बेंगळुरू महामार्गावरचा. इंजिन बंद केले की कंप्रेसर थांबतो आणि ब्रेकच्या दर दाबाबरोबर टाकीतली हवा कमी होत जाते. गिअर नसल्याने इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार लायनरवर येतो, ड्रम तापतात आणि तापलेला लायनर पकड सोडतो. पॉवर स्टिअरिंगही जड होते. ड्रायव्हरला ही साखळी समजावून सांगणे हा मेंटेनन्सचाच भाग आहे. त्यात वाचलेले डिझेल कोणाच्याच कामाचे नाही.

गॅरेजमध्ये ब्रेक फेल हा शब्द कारण म्हणून स्वीकारू नका. टाकी रिकामी करून गाडी सुरू करा आणि कट होईपर्यंत, म्हणजे साधारण साडेसात-आठ बारपर्यंत, भरायला किती मिनिटे लागतात ते घड्याळावर पाहा. मग इंजिन बंद करून काटा किती वेगाने उतरतो ते पाहा, आधी ब्रेक सोडून आणि नंतर पेडल दाबून धरून. पहिल्यात उतरला तर गळती टाकी, नळ्या, व्हॉल्व्हमध्ये. फक्त दुसऱ्यात उतरला तर चेंबरच्या डायफ्रॅमकडे नाही तर पेडलखालच्या व्हॉल्व्हकडे जा. टाकीतून पाण्याबरोबर काळे तेल येत असेल तर कंप्रेसरच्या रिंग गेल्या. नंतर दोन-तीन किलोमीटर फिरवून सगळ्या ड्रमांचे तापमान घ्या. बाकीचे गरम आणि एक गार म्हणजे ते चाक ब्रेकच मारत नाही, आणि एकच जास्त तापलेले म्हणजे ते सोडत नाही. तापमान मोजायची बंदूक आता स्वस्त मिळते. स्लॅक अॅडजस्टर आवळताना एका अॅक्सलच्या डाव्या-उजव्या दांड्याची चाल सारखी येते का तेही मोजा, कारण ती कमी-जास्त असली की गाडी एका बाजूला ओढते.

स्प्रिंग ब्रेकचा चेंबर मात्र पिंजरा-बोल्ट लावून स्प्रिंग दाबून धरल्याशिवाय कधीही उघडायचा नाही. आतली स्प्रिंग सुटली तर ती समोरच्या माणसाला वाचू देत नाही.

या मोजमापांची सवय आता ऐच्छिकही राहिलेली नाही. आठ वर्षांनंतर ट्रकचे पासिंग दरवर्षी करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या जड गाडीच्या फिटनेसची फी १२,५०० रुपये झाली. स्वयंचलित तपासणी केंद्रांची सक्ती पुढे ढकलत ढकलत १ ऑक्टोबर २०२४ वर आली. तिथे गाडी रोलरवर चढते आणि प्रत्येक चाकाची ब्रेकची ताकद आकड्यात येते. ओळखीने किंवा नजरेने होणारे पासिंग तिथे चालत नाही. ज्या गॅरेजमध्ये आधीच मोजले असेल तिथल्या गाडीला त्याची भीती नाही.

आणि जुनी गाडी म्हणजे फक्त मायको पंपाची असेही आता नाही. एप्रिल २०१७ नंतरच्या बीएस-४ गाड्यांनी आठ वर्षे ओलांडली. त्यांचे सेन्सर, युरियाची लाइन, वायरिंगचे सॉकेट आता दुखू लागले आहेत. तिथेही कोड पुसून गाडी सोडून देणे आणि थर्मोस्टॅट काढून फेकणे यांत फरक नाही. कोड दोषाकडे बोट दाखवतो, नेमका पार्ट सांगत नाही. सॉकेट उघडून मीटर लावल्याशिवाय सेन्सर मागवू नका.

नव्या गाडीची थोडीफार नोंद तिच्या कॉम्प्युटरमध्ये असते. जुन्या गाडीची नोंद मिस्त्रीच्या डोक्यात असते, आणि गाडी गाव बदलते. तासगावच्या त्या ट्रकचा पत्र्याचा घेर काढल्याचे कोणी वहीत लिहिले असते तर हाफ इंजिनचा विषयच निघाला नसता. केबिनमध्ये एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय तक्रार होती, काय मोजले, काय आकडा आला, काय बदलले, एवढेच लिहायचे. मराठीत लिहा, कानडीत लिहा, हिंदीत लिहा. आकडे कोणालाही कळतात. हेब्बाळचा मिस्त्री कागलला काय झाले ते वाचू शकेल, आणि कागलचा मिस्त्री हेब्बाळला.

वाचकांना विनंती आहे की आपल्या गाडीच्या अशा वहीतले एक पान, एका दोषाचे, मोजलेल्या आकड्यांसह आम्हाला पाठवा. निदान चुकलेले असेल तरी पाठवा. पुढच्या अंकापासून दर महिन्याला त्यांतली निवडक पाने छापू, आणि पहिला मान ब्रेकच्या नोंदींना राहील.