थर्डक्लासचं बाकडं

आमची बार्शी लाईट १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली, अडीच फुटी रुळांवर. पुढं पंढरपूरलाही गेली. वारीला आजीच्या मांडीवर बसून मी थर्डक्लासनंच गेलो. परवा तसला एक जुना डबा 'दुरुस्त' केलेला बघितला. कुजक्या फळ्यांवर पत्रा ठोकलेला, वर ऑइलपेंट, आणि आत बाकडीच न्हाईत! ह्याला जीर्णोद्धार म्हणायचं? बैलगाडीचं चाक मोडलं तर आमचा सुतार धाव उतरवतो, मोडका आरा तेवढा बदलतो, धाव तापवून पुन्हा चढवतो. सबंध चाक फेकत नाही. डब्याचंही तसंच करा. कुजली तेवढीच फळी काढा, सागाला सागाचाच जोड द्या. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात प्रिन्स ऑफ वेल्सचं १८७५ चं सलून जपलंय. मग आमची बाकडी कुणाच्या चुलीत गेली?