काळी पट्टी चालेल, माणूस कापू नका

आमच्या शाळेतले शिपाई चाचा गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोप समारंभासाठी जुन्या फोटोंचा स्लाइड शो करायचं काम माझ्याकडे आलं. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. पण थोडंफार कॉम्प्युटर येतं, म्हणून अशी कामं आपोआप माझ्या वाट्याला येतात. सगळे फोटो एकसारखे दिसावेत म्हणून मी ते एका झटक्यात १९२० बाय १०८० पिक्सेलच्या मापात कापून घेतले, पेनड्राइव्हवर टाकले आणि हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला लावले. एकेक फोटो उघडून बघायचा कंटाळा केला.

टीव्हीचा पडदा छान भरून गेला. चाचा घरच्यांसोबत पहिल्या रांगेत बसले होते. पाच-सहा ग्रुप फोटो झाले आणि त्यांच्या नातीने मोठ्याने विचारलं, "नाना, तुम किधर है?" चाचा हसले. म्हणाले, "मैं पीछे खड़ा रहता था, बेटा."

ते जवळजवळ प्रत्येक फोटोत होते. सगळ्यात मागे, बाकावर उभे. मी त्यांना कापून टाकलं होतं, तेही त्यांच्याच समारंभात.

हे कसं झालं, ते सांगतो. आजचा टीव्ही आडवा लांब असतो, १६ ला ९ या प्रमाणात. मोबाइलचा फोटो बहुधा ४ ला ३ असतो, म्हणजे टीव्हीपेक्षा उंच. ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो टीव्हीभर पसरवायचा तर उंचीतले फक्त २२५० पिक्सेल उरतात. बाकीचे ७५० जातात, अर्धे वरून आणि अर्धे खालून. थेट पाव फोटो! जुन्या ६ बाय ४ इंची प्रिंटचा साधारण सहावा हिस्सा जातो. ग्रुप फोटोत वर आणि खाली कोण असतं? मागच्या रांगेत उभे असलेले आणि पुढे जमिनीवर बसलेले. मध्ये खुर्चीवर बसलेल्या आम्हा गुरुजनांना काही होत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. फोटो पडद्यात मावला पाहिजे, त्याने पडदा भरलाच पाहिजे असं नाही. तोच ४ ला ३ फोटो १४४० बाय १०८० केला, तर दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहतात आणि माणसं सगळी राहतात. उभा फोटो असेल तर तो ८१० बाय १०८० होईल, पट्ट्या आणखी रुंद होतील. काही जण म्हणतात, काळ्या पट्ट्या बऱ्या दिसत नाहीत. देखावा एकट्या डोंगराचा असेल तर खुशाल कापा. माणसांच्या फोटोत मात्र कोणाला ठेवायचं आणि कोणाला काढायचं, हे टीव्हीच्या चौकटीने का ठरवावं? कडेला उभं राहण्याची सवय ज्यांना आहे, त्यांना हा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

घरी शादीचे, ईदचे फोटो टीव्हीवर लावणार असाल, तर एवढं करा. मूळ फोटोंना हात लावू नका. टीव्हीसाठी वेगळ्या फोल्डरमध्ये प्रती काढा. माप बदलताना लांबी-रुंदीचं प्रमाण कायम ठेवा, नाहीतर माणसं जाडी किंवा चपटी दिसतात. साध्या फुल एचडी टीव्हीला १०८० पिक्सेल उंची पुरते. फोर-के टीव्ही असेल तर २१६० ठेवा. ७२ डीपीआय की ३०० डीपीआय, या वादात पडू नका. तो आकडा छपाईसाठी असतो, टीव्ही फक्त पिक्सेल मोजतो. फोटो मुळातच लहान असेल तर तो ताणून मोठा करू नका. मध्यभागी लहानच दिसू द्या. आणि नातेवाइकांकडून फोटो मागवताना व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. नेहमीसारखा पाठवला की तो वाटेतच आकसतो.

उर्दू शाळांतल्या मित्रांसाठी आणखी एक गोष्ट. फोटोखाली नस्तालीकमध्ये नाव लिहिलं आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो फाँट नसला, तर अक्षरांचं रूपच बदलतं. म्हणून तयार स्लाइड जेपीजी चित्र म्हणून साठवा. काही टीव्ही कडेचा थोडा भाग स्वतःहून कापतात, त्यामुळे नाव डाव्या-उजव्या कडेपासून शंभरेक पिक्सेल आणि खालून साठेक पिक्सेल आत घ्या. उर्दू उजवीकडून सुरू होते. उजवी कड गेली तर नावाचं पहिलंच अक्षर जातं.

पुढच्या जुम्याला मी सगळे फोटो नव्याने करून चाचांच्या घरी गेलो. त्यांचा टीव्ही लहान, पट्ट्यांमुळे फोटो आणखी लहान दिसत होते. नात टीव्हीला नाक लावून उभी राहिली आणि प्रत्येक फोटोत बोट ठेवून नानांना शोधत गेली. चाची स्वयंपाकघरातून दोनदा बाहेर आल्या. चाचांनी एका फोटोत जमिनीवर बसलेल्या मुलाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "सर, हा आता डॉक्टर आहे." समारंभातल्या शोमध्ये तोही नव्हता.