एका घराला एकच राखणदार

भोसरीत नाहीतर चाकणला ज्यांचे छोटेसे वर्कशॉप आहे, त्यांची बिले आणि जीएसटीचे हिशेब बहुधा घरच्याच कॉम्प्युटरवर होतात आणि ते करते घरातली बाई. मीही त्यातलीच. त्यामुळे आज फोडणी-मसाले बाजूला ठेवून थोडे या यंत्राविषयी.

गेल्या वर्षी ऐन महिन्याच्या आठ तारखेला आमच्या ह्यांनी वर्कशॉपमधला पेन ड्राइव्ह आणून दिला. मशीनवर प्रोग्राम चढवायला तोच, गिऱ्हाइकाकडून ड्रॉइंग आणायला तोच. लावला मात्र, आणि सगळ्या फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट! मी वेड्यासारखे त्यातल्याच एकावर दाबले. मग कॉम्प्युटर असा मंदावला, की गॅसवर दूध ठेवावे, ते उतू जावे, तरी एक बिल उघडू नये. अकराला जीएसटीआर-१ भरायचा होता. उशीर म्हणजे दंड.

"अहो, यात काहीतरी शिरलंय."

"शिरेल कसं? अँटिव्हायरस आहे की!"

होता ना. एक सोडून दोन होते! एक कॉम्प्युटरबरोबर आलेला, मुदत कधीच संपलेला. दुसरा एका ओळखीच्या दुकानदाराने 'वहिनी, फुकटात देतो' म्हणत घातलेला, चोरीच्या किल्लीचा. असा चोरून उघडलेला प्रोग्राम धड अद्ययावत होत नाही आणि पुष्कळदा त्याच्याच पोटात किडा असतो. शिवाय दोन अँटिव्हायरस एकत्र नांदत नाहीत. एकमेकांनाच चोर समजून भांडतात आणि यंत्राचा जीव जातो.

भाच्याने येऊन निस्तरले, पण त्याच्या शेजारी खुर्ची टाकून मी सगळे वहीत उतरवून घेतले. नशीब, बिले पुसली गेली नव्हती, नुसती लपवली होती. आधी त्याने फक्त बिलांच्या फायली वेगळ्या डिस्कवर उतरवल्या. मग सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सच्या यादीत जाऊन दोन्ही अँटिव्हायरस एकेक करून काढले आणि प्रत्येक वेळी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. एवढ्यानेही काही कपटे मागे राहतातच. बरणी धुतली तरी लोणच्याचा वास राहतो तसे. त्यासाठी बहुतेक कंपन्या आपल्याच संकेतस्थळावर साफ काढण्याचे वेगळे साधन फुकट देतात. ते चालवल्यावर जुन्याचा मागमूस उरला नाही. नव्याच्या घाईत आपण नेमकी हीच पायरी गाळतो.

आता नवा कोणता घ्यायचा? खरे सांगू? विंडोज १० किंवा ११ असेल, तर मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर आतच असतो, वेगळे पैसे पडत नाहीत. दुसरा अँटिव्हायरस घातला की तो आपणहून बाजूला होतो, काढला की पुन्हा कामाला लागतो. साध्या घराला तो पुरेसा आहे, असे माझे मत. मात्र विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवला, तेव्हा जुने यंत्र असेल तर आधी त्याचे बघा.

विकतचाच हवा असेल तर लांब जायला नको. क्विक हील आपल्या पुण्याचाच. कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत, धाकट्या संजय यांनी १९९० च्या दशकात व्हायरस काढणारा प्रोग्राम लिहिला, आणि २०१६ साली त्या कंपनीचे शेअर बाजारात आले. कोणाचाही घ्या, पण पत्ता स्वतः टाइप करून कंपनीच्याच संकेतस्थळावरून उतरवा. शोधताना वर येणाऱ्या जाहिरातीवरून नको. घालताना आपण न मागितलेल्या वस्तूंपुढे खुणा केलेल्या दिसल्या तर त्या काढा. मग आधी अद्ययावत करा, आणि पूर्ण तपासणी रात्री लावून झोपा. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची सफाईची साधनेही २०१७ पासून फुकट मिळतात.

एक राहिलेच. 'तुमच्या अँटिव्हायरसचे हजारो रुपये कापले, परत हवे तर या नंबरवर फोन करा' असा ईमेल येतो. तो लबाडांचा. फोन केलात, की ते तुमच्याकडून एक अ‍ॅप घालून घेतात आणि तुमचा पडदा त्यांना दिसू लागतो. बँकेतले पैसे जायला वेळ लागत नाही. तसे झालेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा.

आमचा जीएसटीआर-१ दहाच्या रात्री गेला. लायसन्सचा नंबर आणि मुदतीची तारीख आता गॅसच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहिलेली आहे. आणि वर्कशॉपचा पेन ड्राइव्ह? त्याला लाल दोरा बांधलाय. तपासल्याशिवाय तो उघडायचा नाही, मग ह्यांना कितीही घाई असो.