शस्त्रे आणि ती घडविणारे हात

राजे आणि सेनापती यांच्या नावाने लिहिलेला युद्धेतिहास आपणांस पाठ असतो. चार्ल्स फोक्स (१८६८–१९४७) या इंग्रज इतिहासकारांनी त्याची दुसरी बाजू पाहिली. १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा विषय चिलखत घालणारा सरदार नव्हता, ते घडविणारा कारागीर होता. पुढील वर्षी ते लंडनच्या टॉवरमधील शस्त्रागाराचे अभिरक्षक झाले.

१९१७ मध्ये, ऐन महायुद्धात, ब्रिटिश सरकारने युद्धसंग्रहालय स्थापिले. त्याचेही पहिले अभिरक्षक फोक्सच. तेथे तोफांबरोबर कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांच्या श्रमाचीही नोंद झाली, हे लक्षणीय होय. मात्र संग्रहालयाचे ‘राष्ट्रीय’ हे नाव लवकरच ‘साम्राज्यीय’ असे बदलण्यात आले. त्या साम्राज्यासाठी दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार गेली. कूटच्या वेढ्यात मराठा पलटणीही अडकल्या. नावात साम्राज्य आले, पदरात स्वराज्य पडले नाही. पडला तो १९१९ चा रौलट कायदा.

१९३६ साली हे संग्रहालय वेड्यांच्या जुन्या इस्पितळाच्या इमारतीत गेले. हा योगायोग बोलका आहे!

आपल्याकडे संग्रहालयांत तलवारी पुष्कळ आहेत. त्या घडविणाऱ्या लोहाराचे नाव क्वचितच आढळते. ही नोंद सरकार करील म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातील शिपायांची व कारागिरांची पत्रे, कागद आणि आठवणी आजच जमवाव्यात. श्रमिकांचा इतिहास श्रमिकांनीच राखला पाहिजे.