कोपनहेगनचा झेंडा, कोकणचा किनारा

मराठवाड्यातल्या उमरीत पडलेल्या पावसाचं पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातं. उमरीची माणसं मात्र समुद्र पाहायला मनमाडकडे जाणारी गाडी धरतात. नॉर्वे-डेन्मार्कच्या किनाऱ्यांचे फोटो पाहून हरखणाऱ्या घरांनी दिवाळीच्या सुटीत आधी कोकण गाठावं. कोपनहेगनमध्ये मुख्यालय असलेल्या संस्थेचं ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन २०२५मध्ये श्रीवर्धन, नागाव, डहाणूचा पारनाका, गुहागर आणि लाडघर या किनाऱ्यांना मिळालं. २०२०मध्ये देशातले पहिले आठ किनारे निवडले गेले, तेव्हा त्यांत महाराष्ट्राचा एकही नव्हता! निकष ३३ आहेत. पाण्याची तपासणी, जीवरक्षक, स्वच्छतागृहं, अपंगांसाठी सोय हे त्यातले मुख्य. बायाबापड्यांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन निघणाऱ्या कुटुंबाला स्वच्छतागृह हे सूर्यास्ताहून कमी महत्त्वाचं नाही. पाचांत पहिली पसंती गुहागरला: सुरूच्या बनालगत लांबच लांब पसरलेली वाळू, जवळच व्याडेश्वराचं देऊळ, आणि हिवाळ्यात अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवं. श्रीवर्धनला पेशव्यांच्या मूळ गावाचा मान आहे. पाण्यात उतरण्याआधी मात्र भरती-ओहोटीची वेळ गावकऱ्यांना विचारावीच. समुद्राचा धोका तिकडेही चुकत नाही: डेन्मार्कच्या उत्तर टोकाला, ग्रेनेन इथे, दोन समुद्र एकमेकांना भिडतात. प्रवाहाच्या ओढीमुळे तिथे पोहायला बंदी आहे. विहिरीत पोहायला शिकलेल्या मराठवाड्यातल्या पोरांना परतणाऱ्या लाटेची ओढ ठाऊक नसते. जीवरक्षकाची शिट्टी वाजली की त्यांनी लगेच बाहेर यावं.