जमीन आणि अक्षर

साहित्याच्या वर्गात एक प्रश्न आपण दरवर्षी विद्यार्थ्यांपुढे ठेवतो : संहितेचा अर्थ कोणाच्या स्वाधीन असतो? लिहिणाऱ्याच्या, वाचणाऱ्याच्या, की खुद्द शब्दांच्या? वर्गात हा प्रश्न निरुपद्रवी असतो. तास संपला की तोही संपतो. अमेरिकेतील डेन्व्हर शहरात मात्र हाच प्रश्न १५५ एकर जमिनीवर अनेक वर्षे ठाण मांडून होता.

पार्क हिल हे त्या शहराच्या ईशान्य भागातले गोल्फचे मैदान. ते क्लेटन न्यासाच्या मालकीचे होते. १८९९ साली वारलेल्या जॉर्ज क्लेटन या व्यापाऱ्याने अनाथ मुलांसाठी मृत्युपत्राने ठेवलेल्या संपत्तीतून हा न्यास उभा राहिला. १९९७ साली शहराने न्यासाला वीस लाख डॉलर दिले. पण त्या पैशांत जमीन घेतली नाही. घेतला तो जमिनीवरचा एक हक्क. आपल्याकडच्या १८८२ च्या कायद्यातील ‘सुविधाधिकार’ हा शब्द त्याला बराचसा लागू पडतो. मालक कोणीही असो, या जमिनीवर इमारती उठणार नाहीत, ती मोकळी राहील, हा त्याचा आशय. परंतु हे मोकळेपण दस्तऐवजात ज्या रूपाने बांधले गेले, ते रूप होते गोल्फचे. हेतू एक आणि अक्षर दुसरे, अशी ही फट सुरुवातीपासूनच होती.

पुढे गोल्फचे दिवस फिरले. २०१७ साली शहराने जमीनच विकत घेण्याची तयारी केली. पण मैदान चालवणाऱ्या कंपनीचा भाडेपट्टा आड आला आणि तो व्यवहार बारगळला. न्यास, भाडेकरू कंपनी आणि शहर यांच्यात वाद कोर्टात गेले. २०१८ च्या अखेरीस खेळ थांबला, आणि २०१९ साली वेस्टसाइड या विकासक कंपनीने ती जमीन दोन कोटी चाळीस लाख डॉलरला घेतली. निर्बंध अर्थातच जमिनीबरोबर आला. खरेदीदाराला तो ठाऊक होता. म्हणजे त्याने जमिनीइतकीच ती अक्षरे पुसली जाण्याची शक्यताही विकत घेतली, असे म्हणावे लागते.

येथून वाचनाचा झगडा सुरू झाला. विकासकाचे म्हणणे असे, की गोल्फ संपला तेव्हा निर्बंधाचे प्रयोजनही संपले. त्या जागी घरे, मोठे उद्यान आणि त्या भागाला हवे असलेले किराणा दुकान होऊ द्या. विरोधकांचे म्हणणे असे, की गोल्फ हे केवळ निमित्त; वचन होते ते मोकळ्या जमिनीचे. या विरोधकांत ज्यांच्या कारकिर्दीत हा हक्क घेतला गेला ते माजी महापौर वेलिंग्टन वेबही होते. २०२१ साली नागरिकांनी ठरवले, की मतदारांना विचारल्याखेरीज हा निर्बंध उठवता येणार नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये तो उठवावा का, असे त्यांना विचारले गेले, तेव्हा बहुमताने ‘नाही’ असे उत्तर आले. त्यावर प्रशासनाची भूमिका अशी, की मग अक्षरशः गोल्फच खेळला गेला पाहिजे! शब्द पाळून अर्थाला बगल कशी द्यावी, याचा इतका चोख नमुना टीकाग्रंथांतही सापडणे कठीण. ज्या शहराने हे वचन पैसे मोजून घेतले, तेच त्याचे सर्वांत कंजूष वाचक ठरले.

अखेर २०२५ साली विमानतळाजवळची १४५ एकर सार्वजनिक जमीन विकासकाला देऊन शहराने पार्क हिल ताब्यात घेतले, आणि तेथे सार्वजनिक उद्यान करण्याचे ठरले. याला विजय म्हणावे, आणि मीही म्हणतो. पण हिशेब मांडला तर दिसते ते असे, की एकाच मोकळेपणाची किंमत शहराने दोनदा मोजली : एकदा पैशांत, एकदा जमिनीत. पहिल्या वेळी लिहिताना ‘गोल्फ’ऐवजी ‘मोकळी जमीन’ या शब्दांवर भार दिला असता, आणि पुढे त्या लिखाणाचा हेतू स्वतः शहरानेच धरून ठेवला असता, तर दुसरी किंमत कदाचित टळली असती.

दुसऱ्या बाजूचे दुःख खोटे होते असे मला म्हणायचे नाही. त्या शहरात परवडणारे घर मिळणे दुर्मीळ झाले आहे, आणि ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याला मैदानाचे पावित्र्य सांगणे हे सुखवस्तूंचे काम होऊ शकते. म्हणूनच घरांचा प्रश्न या विजयाने सुटलेला नाही, हे विजेत्यांनी विसरू नये. परंतु गरज खरी आहे म्हणून दिलेले वचन रद्द, हा न्याय एकदा रुळला की पुढचे प्रत्येक वचन गरजेच्या पहिल्या हाकेला मोडते. आणि मोडलेल्या वचनाचा लाभ गरजवंताच्या पदरात पडेलच, याची हमी कोणी देत नाही.

आपल्या भाषेने लिहिलेल्या खुणेला ‘अक्षर’ म्हटले, म्हणजे जे झिजत नाही ते. अनुभव उलटा आहे : वाचणारा जागा नसेल तर अक्षराइतके लवकर काहीच झिजत नाही. डेन्व्हरमध्ये एक रुक्ष दस्तऐवज टिकला तो वकिलांच्या हुशारीने नव्हे, तर तो पंचवीस वर्षांनी पुन्हा वाचणाऱ्या सामान्य नागरिकांमुळे. साहित्याच्या अध्यापकांनी आपल्या कामाच्या उपयोगाविषयी शंका वाटेल तेव्हा हे मैदान जरूर आठवावे.