देवळालीचे कापरेकर मास्तर

आपल्याकडे शिक्षक निवृत्त झाला की एक समारंभ होतो. शाल, श्रीफळ, एखादे भिंतीवरचे घड्याळ, आणि मग भाषणे. त्या भाषणांतला शब्द न् शब्द श्रोत्यांना आधीपासून पाठ असतो. सरांनी मेणबत्तीसारखे जळून प्रकाश दिला, सरांनी आयुष्य विद्यार्थ्यांसाठी वेचले, सर शाळेतून जात आहेत पण आमच्या मनातून नव्हे! टाळ्या होतात, अल्पोपाहार होतो, आणि दुसऱ्या दिवसापासून सर कोणाचेच नसतात. पुढे कधीतरी ते जातात, तेव्हा शोकसभेत त्याच भाषणाची छोटी आवृत्ती निघते. या सगळ्यात एक साधा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. या माणसाला स्वतःला कशाचे वेड होते? शाळा सुटल्यावर, वह्यांचा गठ्ठा तपासून संपल्यावर तो कसला विचार करीत बसत होता?

ज्यांची आठवण काढताना हा प्रश्न विचारल्यावाचून गत्यंतरच नाही, असे एक मास्तर आपल्या महाराष्ट्रात होऊन गेले. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. शालेय शिक्षण ठाण्याला, पुढचे आपल्या पुण्यातल्या फर्ग्युसन महाविद्यालयात. गणितातील स्वतंत्र लेखनासाठी ठेवलेले रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांनी १९२७ साली मिळविले, आणि १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे बी. एस्सी. झाले. त्यापुढची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. १९३० साली ते नाशिकजवळच्या देवळालीला शिक्षक झाले आणि १९६२ साली तिथेच निवृत्त झाले. बत्तीस वर्षे एकच गाव आणि एकच पेशा. चरित्र म्हणावे तर पोस्टकार्डावर मावेल एवढेच!

पण त्याच मास्तरांचे नाव आज जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत आहे. ते कसे, हे सांगण्यापूर्वी एक विनंती. कला महाविद्यालयाच्या अंकात गणित कशाला, असे म्हणून कृपया पान उलटू नका. मीही तुमच्यासारखीच कला शाखेची विद्यार्थिनी आहे. पुढच्या मजकुरासाठी वजाबाकी येत असली की पुरे.

चार अंकी कोणतीही संख्या घ्या. चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, आणि मोठीतून लहान वजा करा. येईल त्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. उदाहरणार्थ, आपली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका १९८२ साली झाली, तर तेच साल घेऊ. ९८२१ मधून १२८९ गेले, उरले ८५३२. आता ८५३२ मधून २३५८ गेले, उरले ६१७४. आणखी पुढे जाऊन पाहा. ७६४१ वजा १४६७, उत्तर पुन्हा ६१७४! तेथून सुटका नाही. मास्तरांचे जन्मवर्ष १९०५ घेतले तर वाट लांबते. ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ अशी वळणे घेत सातव्या पायरीला मुक्काम येतो, आणि तो ६१७४ चाच असतो. सातांपेक्षा अधिक पायऱ्या कोणत्याही संख्येला लागत नाहीत. मधे एखादे उत्तर तीन अंकी आले तर डावीकडे शून्य लिहायचे, म्हणजे झाले. या ६१७४ ला आज ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

त्यांनी एवढेच केले असे नाही. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन भाग पाडा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५. अशा संख्यांना ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्माला येते. २३ मध्ये २ आणि ३ मिळवले की २८ येतात. म्हणजे २३ ही २८ ची जनक झाली. पण २० ही संख्या अशी कोणापासूनच जन्मत नाही. ३१ आणि ४२ यांचेही तसेच. मास्तरांनी त्यांना नाव दिले ‘स्वयंभू’. देवळातल्या पाषाणाला आपण जो शब्द वापरतो तोच त्यांनी संख्येला वापरला! स्वतःच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भागली जाणारी संख्या, तिचे नाव ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी. मास्तरांचे जन्मवर्ष १९०५ आणि निवृत्तीचे वर्ष १९६२, दोन्ही हर्षद संख्या आहेत, भागून पाहावे. आणखी एका प्रकाराला त्यांनी ‘डेमलो’ संख्या म्हटले, कारण ती कल्पना त्यांना डोंबिवलीच्या रेल्वे स्टेशनावर सुचली आणि त्या स्टेशनाचे नाव त्या काळी तसे सांगत. लोणावळा लोकलची वाट पाहताना आपण काय करतो, हे ज्याने त्याने आठवावे.

मला, भाषेच्या विद्यार्थिनीला, या नावांचे फार अप्रूप वाटते. ज्याला नाव ठेवावेसे वाटते त्याच्यावर माणसाचे प्रेम असते. ही नावे कामगिरीच्या यादीत घालण्यासाठी सुचलेली नाहीत. दारुड्याला जशी दारू सोडवत नाही तसे माझे संख्यांच्या बाबतीत आहे, अशा अर्थाचे ते स्वतःविषयी बोलत. समाजाने शिक्षकाला चिकटविलेल्या मेणबत्तीच्या प्रतिमेत हा माणूस कुठे बसतो? तो जळत नव्हता. तो चक्क मजेत होता!

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मास्तरांच्या हयातीत आपल्याकडच्या पुष्कळ गणितज्ञांनी त्यांचे काम क्षुल्लक ठरविले. त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. हे गुणधर्म संख्या दशमान पद्धतीने लिहिण्यावर अवलंबून आहेत; लिहिण्याची पद्धत बदलली की ६१७४ ची जादू संपते. मग याला खोल गणित कसे म्हणावे? विद्वानांचा हा मुद्दा मान्य करू. पण खोल नाही म्हणून ते काहीच नाही, हे कसे? शास्त्रीय बैठकीपुढे ओवी लहान असेल, म्हणून जात्यावर बसलेल्या बाईने गाऊ नये काय? मास्तर मात्र थांबले नाहीत. ६१७४ ची गोष्ट त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. मोठी नियतकालिके दार उघडीनात तेव्हा त्यांनी लहान नियतकालिकांत लिहिले, आणि देवळालीहून स्वतः पुस्तिका छापून काढल्या. अखेर मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर या लेखकाने ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, आणि जगाला ते ठाऊक झाले. तेव्हा त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते. निवृत्तीला तेरा वर्षे उलटून गेली होती.

मधली ही तेरा वर्षे कशी गेली? पेन्शन पुरत नव्हते, म्हणून मास्तर गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेत होते. १९८६ साली ते वारले.

मला जे म्हणायचे आहे ते इथे आहे. शिक्षकाला त्यागमूर्ती म्हणणे हा त्याचा गौरव आहे असे आपण समजतो. मला तो गौरव वाटत नाही. ती एक सोय वाटते. एकदा मेणबत्ती म्हटले की जळणे हा तिचा धर्मच ठरतो. मग तिला पगार किती, निवृत्तीनंतर तिचे भागते की नाही, हे विचारायचे कारण उरत नाही. ज्यांनी भाषणात त्याग थोर म्हटला, त्यांनीच त्या त्यागाची किंमत ठरविली, आणि ती शून्य ठरविली! हा प्रश्न कापरेकरांबरोबर संपलेला नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्यांसाठी राज्याने निवृत्तिवेतनाची जुनी पद्धत बदलली, आणि त्यावरून मार्च २०२३ मध्ये राज्यभरचे कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले. त्या वेळी ‘शिक्षकांनी तरी संप करू नये’ हे वाक्य किती जणांच्या तोंडी होते! त्यागमूर्तीने पेन्शन मागितले की मूर्ती भंगते, असा हा हिशेब आहे.

याहूनही मोठे नुकसान दुसरे आहे. त्यागाच्या भाषणात शिक्षकाचे डोके हरवते. तो काय शिकवीत होता हे आपण सांगतो. तो काय शिकत होता हे सांगत नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत होते. हे आपल्याला माहीत आहे, कारण दोघांनी गोष्टी लिहिल्या आणि त्या गोष्टींनी त्यांना शाळेबाहेर आणले. ज्याने गोष्टी लिहिल्या नाहीत, ज्याच्या वहीत आकडे होते, शिलालेखांचे ठसे होते, गावच्या झाडापाल्याची नावे होती, त्याला बाहेर कोणी आणायचे? कापरेकरांना एका परदेशी सदरलेखकाने आणले. प्रत्येकाच्या नशिबी गार्डनर नसतो.

आपण ज्या भागात शिकतो तिथे तर ही गोष्ट अधिकच लागू आहे. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने पिंपरीचे रूप पालटायला आरंभ केला. मग आकुर्डी, चिंचवड, भोसरी कारखान्यांनी भरली, आणि या शतकात चाकण मोटारींचे गाव झाले. इथला इतिहास सांगताना आपण कारखान्यांची नावे घेतो, उद्योगपतींची घेतो, फार तर कामगारांची घेतो. पण लेथवर उभा राहणारा पोरगा व्हर्नियर वाचायला शिकला, तो दशांश अपूर्णांक येत होता म्हणून. ड्रॉइंग त्याला कळले, ते भूमिती कळत होती म्हणून. ते त्याला कोणी शिकविले? आसपासच्या खेड्यांतल्या माध्यमिक शाळांतून ही माणसे तीस-तीस वर्षे फळ्यापुढे उभी होती. त्यातली अनेक आज निवृत्त होऊन आपल्याच गल्लीत, आपल्याच सोसायटीत राहतात. सकाळी पिशवी घेऊन दूध आणायला जाताना भेटतात. आपण ‘नमस्कार सर’ म्हणतो आणि कंपनीची बस गाठायला धावतो. आपल्या या पट्ट्यात दिवस पाळ्यांत वाटलेला असतो आणि जादा तासाला जादा दाम असतो. ज्या तासाला दामच नाही अशा तासात माणूस काही करीत असेल, हे आपल्या ध्यानातच येत नाही.

कोणी म्हणेल, कापरेकर लाखांत एक. प्रत्येक निवृत्त मास्तरांच्या ट्रंकेत ६१७४ थोडाच सापडणार? मान्य. नाहीच सापडणार. परंतु सापडेल तेवढेही आपण शोधीत नाही, ही माझी तक्रार आहे. आणि देवळालीला तरी बत्तीस वर्षांत कितीजणांना ठाऊक असेल की आपल्या शाळेतल्या मास्तरांकडे लाखांतले काही आहे?

म्हणून संपादक मंडळाला आणि आपल्या प्राध्यापकवर्गाला माझी एक नम्र सूचना आहे. आपल्या या वार्षिक अंकाची चार पाने दर वर्षी राखून ठेवावीत. चिंचवड, भोसरी, देहू, तळेगाव, चाकण, राजगुरुनगर, कुठल्याही गावच्या एका निवृत्त माध्यमिक शिक्षकाकडे दोन विद्यार्थ्यांनी जावे. हार नको, शाल नको. ‘सर, तुम्ही आम्हांला घडविलेत’ हे वाक्यही नको. ‘सर, तुम्ही स्वतः कशाचा अभ्यास केलात? वही दाखवता का?’ एवढेच विचारावे, आणि जे ऐकायला मिळेल ते जसेच्या तसे छापावे. वहीत काहीच नसेल तर तेही लिहावे. दिवसभरात नऊ तासिका घेतल्यावर स्वतःच्या अभ्यासाला बळ का उरले नाही, हाही इतिहासच आहे. हे काम लवकर केले पाहिजे. माणूस गेल्यानंतर घर आवरले जाते, आणि वह्या कुठे जातात हे सर्वांना माहीत आहे.

मास्तरांनी २० ला स्वयंभू म्हटले, कारण तिला जनक सापडत नाही. माणसांत स्वयंभू कोणी नसतो. आपल्यातल्या प्रत्येकाला लिहायला, मोजायला, विचार करायला कोणीतरी शिकविले आहे. त्या प्रत्येकाचे नाव पुस्तकात जाणार नाही हे खरे. पण तो माणूस काय वाचीत होता, कशावर हसत होता, कशासाठी रात्री दिवा लावून बसत होता, हे त्याच्या विद्यार्थ्यांना तरी ठाऊक असावे. पुढचा निरोपसमारंभ ज्या शाळेत असेल तिथे भाषणाला उभे राहणाऱ्याने एवढी चौकशी आधी करून यावी. मेणबत्ती आपोआप भाषणातून बाहेर पडेल.